मिशी गेली त्याची गोष्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझी हजामत. पुढच्या आठवड्यात बायको कोरोनानं दवाखान्यात गेली ती परत आली न्हाई. त्या दिवशी लॉकडाऊनमुळं गावातलं हजामतीचं दुकान बंद होतं, म्हणून ती मेंढरं कातरायची कातर घेऊन आली. तिच्या माहेरी मेंढरंच होती. लोकरीचा उग्र वास नाकात गेला, ऐन मिशी कोरताना मी शिंकलो आणि अर्धी मिशी खाली पडली. उरलेली तिनं हसत उडवली, डोकं तर आधीच साफ केल्तं. पण आमच्यात डोकं-मिशी काढली की आई नाहीतर बाप गेला समजतात. शेजारी भिंतीवरून ओरडला, "म्हातारी गेली का रं?" आणि कोरोनाच्या भीतीनं उत्तर न ऐकताच घरात पळाला. त्यानं बातमी पसरवली आणि संध्याकाळी जाफराबादहून बहिणीचा फोन आला. ती रडत होती, "दादा, खोटं बोलू नको. सकाळी मी पायी निघते." रस्ते बंद, तिला दमा, आणि माय ठार बहिरी, फोनवर बोलणार कशी? उजाडताच मी मायची बाज अंगणात ओढली आणि शेजाऱ्याला म्हणालो, "बहिणीला लाव नि तिथूनच धर तुझा मोठा फोन, दिसू दे तिला माय." फोनमधी लेक रडताना बघून माय खेकसली, "रडती कशाला? मी हाय जिती, ह्या येड्याची मिशी मेली!" बायको हसत उंबऱ्यातच बसली. तसं हसणारं आता घरात कोणी न्हाई, पण त्या सकाळी मी तिच्याशेजारी बसून पोट दुखेस्तोवर हसलो.