उडालेलं फोल

भात उफणताना उडणाऱ्या फोलाचा कोरडा वास आला, की आमच्या चौक गावच्या गुरुजींचं एक वाक्य आठवतं. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. नजर गेलेली, म्हणून सुनेला सांगून लिहून घेतलेला. त्यातले आकडे आणि सनावळ्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. घाटाखाली हरलेल्या फौजेबद्दल त्यांनी म्हटलं होतं, 'उफणलेल्या भाताचं फोल वाऱ्यावर जावं तशी फौज उधळली.' मी ते दोनदा वाचलं, मनापासून आवडलं, आणि खोडलं. किती माणसं होती, कुठल्या बाजूला पळाली, कशालाच आधार सापडत नव्हता. त्या जागी लिहिलं, 'फौजेने माघार घेतली. संख्या उपलब्ध नाही.' गुरुजींना विचारलं नाही. तीनशे प्रती छापून आल्यावर एक घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो. "फौजेचं पान वाच रं," ते म्हणाले. जे छापलं होतं तेच वाचावं लागलं. ते कान देऊन थांबले. "आनि फोल?" "गुरुजी, त्याला पुरावा नव्हता." "अरं, मग खळ्यावर जायचं व्हतं," ते हसले, आणि मग हसू विरलं. "तुजी फौज पळत नाय रं. उभीच हाय." पुढच्या आवृत्तीत घालू, असं मी म्हणालो. पुढची आवृत्ती निघणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आता गुरुजी नाहीत. माझं वाक्य अजून बिनचूक आहे, पण खळ्यावर वारा सुटला की डोळ्यांसमोरून पळते ती त्यांचीच फौज.