विष्णूमामाचं बसकं दार

सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून जाड, खरखरीत आवाज आला, "विष्णू गेला. ये." एवढं बोलून फोन बंद झाला. इंदिरानगरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात मी तशीच उभी राहिले. विष्णूमामा गेला हे डोक्यात शिरायच्या आधी दुसरंच काहीतरी शिरलं होतं... हा आवाज सोपानमामांचा होता. माझे थोरले मामा. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी लोखंडी पहारीने आपल्या सख्ख्या धाकट्या भावाचा खांदा फोडला, त्यांचा.

त्याला आता दीड महिना झाला. विष्णूमामाबद्दल लिहायला बसले की आधी ते घरच समोर येतं. पिंपळगावच्या पलीकडे मळ्यात, द्राक्षबागांच्या मधोमध असलेलं पाच खणांचं काळ्या दगडाचं घर. वर मातीचं सपाट धाबं, भिंती दोन हात जाड, बाहेरच्या बाजूला खिडकी म्हणावी अशी एकही नाही. आहेत त्या नुसत्या फटी, बाहेरून चार बोटं आणि आतून हातभर रुंद. आत उजेड येतो तो धाब्याला ठेवलेल्या चौकोनी भोकातून, आणि दारातून. दार जेमतेम चार फुटांचं. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की पहिल्याच दिवशी कपाळावर टेंगूळ यायचं. मामा त्यावर हळद लावत म्हणायचा, "या घरात वाकून यायचं असतं, बाई."

मी पुढे आर्किटेक्ट झाले त्याचं मूळ या घरात आहे. मामा ओझरच्या कारखान्यात फिटर होता. मापात सूतभर फरक झाला तर त्याला चैन पडायचं नाही. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. रविवारी आम्ही दोघं टेप घेऊन भिंती मोजत बसायचो. अशाच एका रविवारी मी विचारलं, "दार इतकं बसकं का रे केलं?"

त्याने टेप गुंडाळला आणि सांगायला लागला. त्याचे आजोबा आधी इथेच कुडाच्या घरात राहायचे. एका दिवेलागणीला दरोडेखोर आले. लाथेसरशी कूड आत पडला. आजोबांना खांबाला बांधून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्यामागच्या बोथट बाजूने, त्यांचे गुडघे ठेचले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पहिल्या बायकोच्या कानातलं ओरबाडून काढलं. दोन्ही पाळ्या फाटल्या. जखमा चिघळल्या, आणि आठव्या दिवशी ती तापात गेली. गुडघे भरून आल्यावर आजोबांनी गवंड्याला बोलावलं आणि दार छातीइतकंच ठेवायला सांगितलं. आत येणाऱ्याची मान आधी आत आली पाहिजे, डोळे नंतर. दाराच्या आतल्या अंगाला, कुऱ्हाड उगारून एक माणूस उभा राहील एवढा कोनाडा त्यांनी मुद्दाम ठेवून घेतला.

"आपलं घर रागातनं बांधलंय," मामा म्हणाला. "पण दरोडा परत आलाच नाय. तो राग तसाच भिंतींत राहिला."

तो राग बाहेर कधी आला ते मी पाहिलं आहे. घर दोघा भावांच्या सामाईक नावावर होतं. सोपानमामांना ते पाडून तिथेच बंगला बांधायचा होता. मुलाचं लग्न ठरत होतं, आणि पाहुण्यांना वाकून आत यावं लागतं याची त्यांना लाज वाटायची. विष्णूमामा ऐकत नव्हता. वर्षभर शब्दाला शब्द चालू होता. शेवटी एके दिवशी भर दुपारी सोपानमामांनी जेसीबी आणला. मामाने मला फोन करून बोलावून घेतलं होतं, कागदपत्रांचं बघायला म्हणून. मी पोचले तेव्हा तो आत होता आणि सोपानमामा अंगणात ओरडत होते, "भाईर ये, नायतर तुझ्यासकट पाडतो."

तो बाहेर आला नाही. सोपानमामांनी बैलगोठ्यापाशी पडलेली पहार उचलली. मी आडवी गेले, त्यांनी मला कोपराने ढकललं. मी पडले. उठेपर्यंत ते वाकून आत शिरले होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ क्षणभर दारात तशीच थांबली... मग आत दिसेनाशी झाली, आणि ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग दुसरा.

आत गेले तर विष्णूमामा भिंतीला टेकून बसला होता. खांद्याचं हाड कातडी फाडून वर आलं होतं. सदरा, धोतर, जमीन, सगळं लाल. त्याच्या पायाशी कुऱ्हाड पडलेली. तिच्या पात्याला काहीही लागलेलं नव्हतं. सोपानमामा पहार धरून उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते. जेसीबीवाला मशीन तिथेच टाकून शेतातून पळत सुटला.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मामा म्हणाला, "धाब्यावरनं पडलो." ते गेल्यावर मी त्याच्यावर चिडले. मग त्याने हळू आवाजात सांगितलं. तो त्या कोनाड्यातच उभा होता, कुऱ्हाड उगारून. "त्याची मान माझ्यासमोर आली गं. घरानं आयती दिली व्हती. मानेवर लहानपणीचा देवीचा वण हाय त्याच्या, तो दिसला... हात खाली आलाच नाय." मग म्हणाला, "हे त्याला सांगू नको."

मी सांगितलं नाही. मामाचा तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. घर तसंच राहिलं. सोपानमामांनी पन्नास पावलांवर बंगला बांधला, आणि त्यानंतर अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा कळलं की मामाला पहिल्यांदा पाहिलं ते सोपानमामांनीच. बंगल्याच्या गच्चीवरून ते रोज सकाळी धाकट्याचं दार उघडायची वाट बघायचे. त्या दिवशी उन्हं वर आली तरी उघडलं नाही, तेव्हा ते गेले. मामा झोपेतच गेला होता.

दहाव्याला गोदाकाठाहून परतल्यावर आम्ही दोघंच अंगणात बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, त्या दिवशी त्याच्या हातात कुऱ्हाड होती. त्याने तुम्हाला सोडलं."

ते म्हणाले, "ठाव हाय मला. वरनं ऊन पडत व्हतं. कुऱ्हाडीची सावली माझ्या म्होरं जमिनीवर दिसली. वाटलं, संपलो. पण सावली हाललीच नाय."

"मग तरी...?"

"म्हनून तर मारलं," ते म्हणाले. "त्यानं मला सोडलं हे मला सहन झालं नाय."

मी उठून गेले नाही. हात धरावा असंही वाटलं नाही. आम्ही तसेच बसून राहिलो.

परवा पुन्हा मळ्यात गेले होते. पावसाळ्याच्या आत धाब्यावर पाणी न झिरपू देणाऱ्या खाऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, नाहीतर घर गळतं. दर चैत्रात विष्णूमामा तो एका हाताने द्यायचा. यंदा शिडी लावून सोपानमामा वर चढले होते. पंचाहत्तरीचे आहेत, गुडघे धरतात. माती कालवून त्यांनी थोडी पसरली होती. ती उन्हाने लगेच भेगाळली. त्यांनी ती खरवडून काढली, पुन्हा कालवली, पुन्हा भेगा. मी खाली शिडी धरून उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी धाब्याच्या कडेवरून खाली डोकावून विचारलं,

"माती कुठनं आणायचा गं तो?"

मला माहीत नव्हतं.