गोठ्यातून हाकललेल्या कोंबड्या

हिराबायने करवंटी माझ्यापुढे धरली. आत गायीची लघवी होती, कोऱ्या चहासारखी लाल.

"सकालपासना असाच हाय, डाक्तर. चारा नाय, पानी नाय."

मी तडक गोठ्यात शिरलो. त्या गायीच्या पोटात सात महिन्यांचं वासरू होतं, आणि ही गाय घ्यायला हिराबायला मीच गळ घातली होती.

साठच्या दशकातली गोष्ट. आज खारघरला टॉवर आहेत तिथं तेव्हा भातखाचरं होती, आणि मी सायकलवर फिरणारा नवा गुरांचा डॉक्टर होतो. सरकारी स्कीममध्ये संकरित गायी आल्या होत्या, आई देशी, बाप परदेशी. हिराबाय एकटी विधवा बाई. घरच्या दोन गावठी गायींच्या दुधावर तिचं चालायचं. त्यातली एक विकून तिने ही घेतली, माझ्या शब्दावर.

ताप पाहिला. एकशे सहा. शेपटी उचलली तर खाली एरंडाच्या बियांसारख्या टपोऱ्या गोचिडी. कानात, कासेवर, सगळीकडे त्याच. गोचीड नुसतं रक्त पीत नाही. पिताना ती रोगाचे जंतू गायीच्या अंगात सोडते. ते रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि तो लाल रंग लघवीतून बाहेर पडतो. गावठी गुरं लहानपणापासून हे सोसून घट्ट झालेली असतात. नवीन गाय मात्र दोन-तीन दिवसांत जाते.

स्लाईडवर रक्ताचा थेंब घेतला, पण तपासायचा मायक्रोस्कोप पनवेलला. रिपोर्टची वाट पाहिली असती तर गाय हातची गेली असती. बॅगेत निळं औषध होतं. ते मानेच्या शिरेत द्यायचं, तेही अगदी सावकाश. घाई केली तर गाय जागीच कोसळते. मी थेंब थेंब औषध सोडत होतो, आणि हिराबाय गायीपेक्षा माझ्या हाताकडेच बघत होती.

दुपारपर्यंत मी अंगणात येरझारा घातल्या. तीनदा ताप घेतला.

"बसा आता," ती म्हणाली. "तुमच्या फेऱ्यांनी तीच घाबरल."

बसलो, पण डोकं चालूच होतं. दोन महिन्यांपूर्वी मी याच गायीच्या अंगावर जेमतेम चार गोचिडी पाहिल्या होत्या. मग एवढ्या आल्या कुठून? गोठा तर आरशासारखा स्वच्छ होता. आणि तेव्हाच लक्षात आलं की तो फारच शांत होता.

"हिराबाय, तुमच्या कोंबड्या कुठं आहेत?"

"भावाच्या घरी. तुमीच बोललाव ना, कोंबऱ्या गोठ्यात नको."

बोललो होतो खरा, त्याच दोन महिन्यांपूर्वीच्या खेपेला. तपासणीला खात्याचे साहेब येणार होते आणि सर्क्युलरमध्ये तसं लिहिलं होतं. गाय सकाळी बसलेली असली की कोंबड्या तिच्या मांड्यांवरच्या गोचिडी टिपतात. रक्त पिऊन फुगलेली गोचीड जमिनीवर पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. तिलाही कोंबडी आधीच गिळते. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं आणि हिराबायला कोणी विचारलं नव्हतं.

"मला ठावं व्हता," ती म्हणाली. "पन तुमी शिकलेले."

मला फार लाज वाटली. कोंबड्या आणायला मी स्वतः गेलो. त्या पकडताना सगळी आळी हसायला जमली होती.

तिसऱ्या दिवशी लघवी साफ झाली. गायीने पेंडीत तोंड घातलं तेव्हा हिराबाय माझ्याकडे पाठ करून डोळे पुसत होती. पुढे गाय सुखरूप व्याली, कालवड झाली.

लांबलेल्या तपासणीला साहेब शेवटी आले तेव्हा गाय बसून रवंथ करत होती आणि तिच्या पाठीवर एक कोंबडी उभी होती.

"डॉक्टर, सर्क्युलर वाचता येत नाही का तुम्हाला?"

"मला येतं, साहेब. गोचिडीला येत नाही."

पंधरा दिवसांनी मेमो आला. 'गोठ्यात कोंबड्या आढळल्या. लेखी खुलासा करावा.'

मी एका ओळीत खुलासा केला. 'गोठ्यात गाय जिवंत आढळली.'