टेलरकाकूंनी मशीनला तेल घातलं

टेलरकाकूंनी आयुष्यात चुका फार केल्या नाहीत. ज्या केल्या त्या उसवून पुन्हा शिवल्या. उसवता आली नाही ती एकच: त्यांनी मशीनला तेल घातलं.

लेकीचा पहिला अल्बम त्यांच्या शिवणाच्या खोलीतच झाला. ती कपाटाला पाठ टेकून गाणी रचायची, काकू समोर पायाचं मशीन चालवायच्या. ती गाणी बघता बघता दुकानादुकानांत वाजू लागली. तिसऱ्या गाण्यात मागे खडखड ऐकू येते. जाणकारांनी तिला धाडसी तालवाद्य म्हटलं. काकू मात्र ओशाळल्या. दुसऱ्या अल्बमला तरी आपलं गालबोट नको, म्हणून त्यांनी पट्टा बदलला, तेल पाजलं, खाली सतरंजी घातली. मशीन मांजराच्या पावलांनी चालू लागलं.

आठ गाणी कशीबशी झाली. शेवटचं येईना, आणि कंपनी सोमवारपलीकडे थांबणार नव्हती.

"बोलाफुलाला गाठ पडली होती, आई," लेक गिटार खाली ठेवत म्हणाली. "मला काही येत नाही. सोडून देते."

"एक टाका चुकला म्हणून कुणी सुई फेकत नाही."

"तू तरी काम कर ना. नुसती बसलीयस."

"बसलीय कुठे? कधीची शिवतेय."

लेक उठून मशीनपाशी आली. "मग आवाज कुठंय?"

"बंद केला. तुझ्यासाठीच."

लेकीने कपाळावर हात मारला. "अगं, मी तुझ्या शिवणीवर लिहायची! बाही असली की छोट्या ओळी, घेर असला की लांब. तू दोरा तोडलास की कडवं संपायचं."

इतकी वर्षं काकूंना वाटत होतं, पोरगी आवाज सहन करतेय.

घातलेलं तेल काही परत काढता येत नाही. त्यांनी सतरंजी ओढून फेकली आणि शेजारच्या सुताराची शिवायला आलेली पिशवी घेतली. हत्यारांसाठी जाड कापड, चार पदरी. ते सुईखाली जाताच मशीन पहिल्यासारखं कण्हलं, मग खडखडलं. लेक कपाटाला पाठ टेकून बसली.

"एवढ्यात दोरा तोडू नकोस हं."

"तुझं होईपर्यंत नाही तोडत."

सुताराने दोन खिसे सांगितले होते. गाणं पुरं झालं तेव्हा पिशवीला अकरा होते. तेवढी हत्यारं त्याच्याकडे नव्हती.