तळ्याकाठचा स्टीलचा डबा

ती घटना आठवायला मला अजूनही काही कष्ट पडत नाहीत. स्वयंपाकघरात कुणी स्टीलच्या डब्याची कडी खट्‌कन उघडली, की मी थेट न्यू जर्सीतल्या त्या तळ्याकाठी जाऊन उभा राहतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, दारू पिऊन गाडी चालवणारे, सगळं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही केस मात्र सांगायला बसलो की माझा आवाज आपोआप चढतो. बायको म्हणते, हळू बोला, शेजारी पोलिसांना फोन करतील.

आधी माझ्याबद्दल. मी मूळचा नागपूरचा, शाळकरी वयात वडिलांबरोबर इकडे आलो. आमच्या बरोबरीची मुलं डॉक्टर, इंजिनियर झाली आणि मी पोलीस झालो. आईने पहिली काही वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत "तो गव्हर्नमेंट सर्व्हिसमध्ये आहे" एवढंच सांगून वेळ मारून नेली. एडिसनच्या आसपासच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह होतो. गावाचं नाव सांगत नाही, आणि माणसांचीही सांगणार नाही.

पळवलेली विमानं न्यूयॉर्कच्या त्या दोन मनोऱ्यांवर आदळली तो मंगळवार होता. आमच्या गावातून रोज सकाळी ट्रेन भरभरून माणसं न्यूयॉर्कला जायची आणि गाड्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठेवायची. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये उरलेल्या गाड्या तपासायचं काम आमच्याकडे आलं. एक उरलेली गाडी म्हणजे घरी न पोहोचलेला एक माणूस. कुणी फेरीबोटीने, कुणी मैलोन्‌मैल चालत परतले. असा एखादा धुळीने पांढरा झालेला माणूस येऊन आपल्या गाडीचं दार उघडायचा, तेव्हा आम्ही पोलीस चक्क टाळ्या वाजवायचो. काही गाड्या मात्र तशाच राहिल्या.

त्याच संध्याकाळी एक मराठी मुलगी कडेवर लहान मुलीला घेऊन पोलीस स्टेशनात आली. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून तिने इंग्रजी सोडून दिलं.

"काका, माझा नवरा टॉवरमध्ये काम करतो. कन्सल्टंट आहे. सकाळपासून मी सारखी ट्राय करतेय, फोन लागतच नाही."

मला नुकती चाळिशी लागली होती, त्यामुळे 'काका' जरा टोचलं. पण ती वेळ तक्रार करण्याची नव्हती. मी मिसिंग रिपोर्ट लिहायला घेतला. उंची, शर्टाचा रंग, टाय. हातात काय होतं?

"लॅपटॉपची बॅग. आणि डबा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. माझ्या लग्नातला."

"स्टेशनपर्यंत कसे जातात?"

"कार घेऊन जातो, पार्क करतो, मग ट्रेन."

मी तिला बसवून पुन्हा पार्किंगमध्ये गेलो. ती गाडी तिथे नव्हती. एकेक रांग दोनदा पाहिली, तरी नव्हती. मग हा माणूस ट्रेनने गेलाच नव्हता! माझा जोडीदार इटालियन घराण्यातला, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ. तो म्हणाला, "तिला एवढ्यात काही सांगू नकोस. एकदा आशा दिलीस, तर ती परत काढून घेता येणार नाही." त्याचं बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसलो. तिच्या नवऱ्याचं ऑफिस ढिगाऱ्याखाली गेलेलं. कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेत फोन उचलणारा माणूस स्वतःच रडत होता, त्याला कुणाचीच नावं धड सांगता येत नव्हती. त्यामुळे मी तिला उत्तर देऊ शकलो नाही, आणि ती आमच्या स्टेशनातल्या बाकावरून हलली नाही. मैत्रिणी मुलीला घरी घेऊन जात, परत आणत. ती तिथेच बसून राहिली.

इकडे फोनांचा पाऊस पडत होता. त्या आठवड्यात लोकांना ज्याची त्याची भीती वाटत होती. पेट्रोल पंपावरचा पगडीवाला हसला, कळवा. शेजारच्या घरात कुणी तरी परक्या भाषेत गातंय, कळवा. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानदारांनी काचेवर मिठाईच्या जाहिराती झाकतील एवढे मोठे अमेरिकेचे झेंडे लावले होते. आकाशात एकही प्रवासी विमान नव्हतं. आम्ही मात्र प्रत्येक फोनमागे धावत होतो, कारण त्यातली एखादी खरी निघाली असती तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. पिण्याच्या पाण्याच्या तळ्याकाठी टाय लावलेला एक सावळा माणूस बरेच आठवडे रोज येऊन बसतो. जवळ धातूचं एक नळकांडं असतं, त्याला बाजूला कड्या आहेत. आज तो पाण्याच्या अगदी कडेला उभा होता. बाईंनी हाक मारली तसा तो नळकांडं बाकावर टाकून झाडीत पळाला.

पिण्याचं पाणी, नळकांडं आणि पळालेला माणूस! अर्ध्या तासात तळ्याभोवती दोऱ्या बांधल्या गेल्या. बॉम्बपथक आलं, कुत्री आली, आजूबाजूच्या गावांचे पोलीस आले. मी पोहोचलो तेव्हा झाडीच्या कडेने बंदुका रोखून माणसं उभी होती. त्यांचे चेहरे भीतीने पांढरे पडले होते. रागावलेल्या पोलिसाला मी फारसा भीत नाही, त्याला आवरता येतं. घाबरलेल्या पोलिसाचं बोट मात्र कुणाच्याच ताब्यात नसतं.

बॉम्बपथकाने कॅमेरा लावलेलं छोटं यंत्र बाकापर्यंत पाठवलं होतं. आमचे चीफ पडद्याकडे पाहत होते. मला पाहताच म्हणाले, "यावर ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी लिहिलंय. अरबी आहे का? तुला वाचता येतं?"

मी वाकून पाहिलं. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, आणि झाकणावर आपली देवनागरी. 'चि. सौ. कां.', पुढे मुलीचं नाव, 'हिला मामा-मामींकडून सप्रेम भेट, सांगली.' ते नाव मी रिपोर्टात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ती मुलगी या क्षणी आमच्या बाकावर बसलेली होती!

मी मोठ्याने हसलो. सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघायला लागले.

"हा लग्नातला आहेर आहे," मी म्हणालो. "यात जेवण नेतात. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात."

"जेवणाच्या भांड्यावर नाव कशाला?" जोडीदाराने विचारलं.

"भांडं कुणाकडे गेलं तर घरी परत यावं म्हणून."

चीफ हसले नाहीत. पथक सांगेपर्यंत तो बॉम्बच, असा नियम होता आणि तो योग्यच होता. पण डब्याची मला चिंता नव्हती. झाडीत शिरलेला माणूस माझा हरवलेला माणूस होता, आणि पन्नास बंदुका त्याची वाट बघत होत्या. तेवढ्यात रेडिओवर आवाज आला, कुत्र्याला माग लागलाय, समोर हालचाल दिसतेय.

"चीफ, सगळ्यांना थांबवा. तो माझ्या केसमधला आहे. मला बोलू द्या."

"खात्री आहे?"

"माझी नोकरी पणाला लावतो."

चीफनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि रेडिओवर सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. मी कर्णा हातात घेतला, आणि न्यू जर्सीच्या त्या रानात, एवढ्या गोऱ्या पोलिसांच्या मधोमध, मराठीत ओरडायला लागलो. आधी त्याचं नाव घेतलं.

"अरे, मी पोलीस आहे आणि मराठी माणूस आहे! पळू नकोस! दोन्ही हात वर कर, रिकामे दिसू देत, आणि हळूहळू बाहेर ये. इथे सगळे घाबरलेत रे, त्यांना आणखी घाबरवू नकोस!"

काहीच हललं नाही. मग मी पोलिसासारखं बोलणं सोडून दिलं.

"तुझी बायको मंगळवारपासून आमच्या स्टेशनात बसून आहे! घरी जायला तयार नाही! तिला काय सांगू मी? सांग!"

झाडीतून फाटका आवाज आला, "नका सांगू! तिला काही सांगू नका!"

जिवंत! आयुष्यात कुणाचा नकार ऐकून मला एवढा आनंद झाला नसेल. मी नाचायचाच बाकी होतो. मी बोलत राहिलो, जे सुचेल ते बोललो. शेवटी ओकच्या एका झाडामागून दोन हात वर आले आणि मागोमाग तो आला. चिखलाने माखलेला, दाढी वाढलेली, पण गळ्यात टाय तसाच. मी स्वतः त्याला बेड्या घातल्या, म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावू नये. मागे बॉम्बपथकाने दुरून डबा उघडला. आत मंगळवारच्या पोळ्या आणि मेथीची भाजी होती. जड चिलखत घातलेला त्यांचा माणूस झाकण उडाल्यावर जवळ गेला आणि वासाने दोन पावलं मागे सरला. तेवढाच त्या आठवड्यातला आमचा विनोद.

चौकशीच्या खोलीत मी होतो आणि वॉशिंग्टनहून नेमलेले दोन अधिकारी होते. त्यांचे प्रश्न सरळ होते आणि त्याची उत्तरंही सरळ होती. उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली होती. नोकरी गेली की व्हिसाही जातो.

"वाटलं, दोन आठवड्यांत दुसरा जॉब मिळेल, मग सांगू," तो मराठीतच म्हणाला आणि मी भाषांतर करत गेलो. "रोज डबा घेऊन निघायचो. लायब्ररीतून अप्लाय करायचो, दुपारी तळ्यावर बसायचो, आणि ट्रेनच्या टायमाला घरी. मंगळवारी कारमध्ये रेडिओ लावला आणि..."

त्याने गळ्यातला टाय सैल केला आणि पुढे बोलू लागला.

"माझी सगळी टीम तिथे होती. मला काढलं म्हणून मी वाचलो, काका. हे तिला कसं सांगायचं? आधी फोन लागेना. नंतर लागला असता, तर हिंमत होईना. मग टीव्हीवर मिसिंग लोकांचे फोटो दिसायला लागले. वाटलं, मीही त्यातलाच राहिलो तर बरं. निदान तिला सांगलीत मान खाली घालावी लागणार नाही."

वॉशिंग्टनचे अधिकारी बाहेर गेले. त्यांना हवं होतं ते कळलं होतं, आणि हा त्यांचा माणूस नव्हता. पुढे व्हिसाच्या चौकशीला त्याला सामोरं जावं लागणारच होतं, त्यात मी काही करू शकत नव्हतो. आता खोलीत आम्ही दोघंच उरलो. बाहेर वीस पावलांवर ती बसली होती, आणि हा मात्र ठाम होता. तिला बोलावू नका.

"आज सकाळी पाण्याच्या कडेला कशाला गेला होतास?" मी विचारलं.

तो आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघायला लागला. मी पुन्हा विचारलं नाही.

मग मी बाहेर जाऊन बॉम्बपथकाकडून डबा आणला. एक कडी वाकली होती, झाकणाला पोचा आला होता. कुणी तरी तो धुऊनही ठेवला होता. मी तो त्याच्यासमोर, नाव त्याच्याकडे येईल असा ठेवला. त्याने बराच वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"बोलवा तिला," तो म्हणाला.

ती आली. मी दारातच तिला थोडक्यात सगळं सांगितलं होतं, नोकरीचंही. मला वाटलं, ती त्याच्या एक ठेवून देईल. माझी ना नव्हती. तिने आधी त्याच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून हात फिरवला, बाजारात वस्तू पारखून घ्यावी तसा. मग समोरची खुर्ची ओढून बसली.

"डबा कुठे खायचास?"

"तळ्याकाठी."

"रोज?"

"हो."

"एकटाच?"

त्याने मान हलवली. तीन दिवस त्या बाकावर ती रडली नव्हती. आता रडली. माझा फटकळ जोडीदार एक अक्षर न समजता माझ्याआधी डोळे पुसत खोलीबाहेर पळाला.

हिवाळ्यात ती दोघं मुलीला घेऊन सांगलीला परत गेली. डबा तोवर पुरावा म्हणून आमच्याकडेच राहिला होता, तो सुटल्यावर मी घरी आणला. निघण्याआधी ती दोघं तो न्यायला आली, तेव्हा माझ्या आईने तो रव्याच्या लाडवांनी भरून ठेवला होता. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यानंतर जगात जे जे झालं, दूर देशांतली युद्धं, विमानतळांवर बूट काढून उभे राहणारे लोक, आपल्यासारख्या रंगाच्या माणसांकडे वळणाऱ्या नजरा, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पळणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार, असंच पोलिसाला वाटत असतं. त्या दिवशी मला कळलं की माणसं लाजेनेही पळतात, आणि कधी कधी गुन्हेगारापेक्षा लांब पळतात. आणि ज्या बाईंनी भीतीने फोन केला, त्यांच्यामुळेच तो पाण्यापासून दूर गेला, हेही मी विसरत नाही.

चौकशीच्या खोलीत मी आयुष्यभर प्रश्न विचारले. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, का केलंस. त्या सगळ्यांहून चांगला प्रश्न मात्र मी नाही, त्या मुलीने विचारला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत जो कोणी बसला, चोर असो की बायकोशी भांडलेला, माझी सगळी विचारपूस संपली की मी पेन खाली ठेवायचो आणि तेवढंच विचारायचो, "एकटाच होतास का रे?" बहुतेक जण त्यानंतरच खरं बोलायचे.