जिजाक्काच्या बर्फाचा पुरावा

कॅमेऱ्याच्या लेन्सला मी कुंकू लावलं. ओल्या बोटाने, दाबून, बरोबर मधोमध.

बोट माझं, पण हट्ट जिजाक्काचा. पूर्णा गावात तिच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत आणि त्यातल्या एकात मी सुपरवायझर. मालकिणीने घरी बसून भाडं घ्यावं की नाही? ही रोज सकाळी कमरेला बटवा खोचून गेटवर हजर. "काय आलं रं आज?" खोकं फ्रिजचं असो की टिकल्यांचं, थोपटून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एक दिवस तिने मलाच थोपटलं. "बाला, मी बर्फ बघाया चाललंय. तू बी चल. कॅमेरा घ्यायचाय, तुला कलतं ना त्यातलं?"

माझं ज्ञान म्हणजे जेवताना बघितलेले कॅमेऱ्यांचे व्हिडिओ. पण मी म्हटलं, "म्हणजे काय!"

फोन तिला चालणार नव्हता. "फोनावर भाडेकरू बसलेत. फोटो काढाया घेतला का कोनतरी बोंबलतो, गेटात ट्रक अडकला."

आणि हा फोटो चुकून चालणारच नव्हता. कशेळीला खाडीकाठी तिची थोरली बहीण राहायची, हौसामावशी. लहानपणी दोघी मासळीच्या टोपलीतले बर्फाचे खडे चोखत बसायच्या आणि जिजाक्का सांगायची, याचे डोंगरच्या डोंगर असतात. हौसामावशीने ते कधी मानलं नाही. आता तिने अंथरूण धरलं होतं, तरी मानत नव्हती. "जलमभर मना थापाडी बोलली," जिजाक्का म्हणाली. "ती हाय तवर तिला दाखवायचा."

धामणकर नाक्यावरच्या दुकानात मी थेट सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्याला हात घातला. लेन्सा बदलता येतात, झूम असं की पलीकडच्या इमारतीतला माणूस दात कोरताना दिसावा! जिजाक्काने तो उचलून बाजारातल्या खेकड्यासारखा तळहातावर तोलला. "चिंबोरी असती तर घेतली असती, भरलेली हाय. पन गल्यात बांधून डोंगर कोन चढंल, तुझा बाप?"

मग तिने काउंटरवरचा एकेक कॅमेरा बटव्यात घालून बघायला सुरुवात केली. घालायचा, नाडी ओढायची, बांगड्यांच्या हाताने झटक्यात बाहेर काढायचा. दुकानदार हवालदिल. "मौसी, पहले फोटो तो देखो!" "फोटो नंतर. हा बाहेर यायला अडला तर बर्फ थांबनार हाय का?" शेवटी एक चपटा, काळा कॅमेरा सुळकन गेला आणि सुळकन आला. तोच घेतला.

नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा तिच्या घरचा कायदा. ट्रॅक्टर, मिक्सर, गोदामाचं शटर, सगळ्यांना कुंकू लागलेलं. ओटीवर तिने नारळ फोडला. "लाव रं त्याच्या कपालाला." मी बटण दाबलं, लेन्स सर्रकन पुढे आली. एवढं पुढे आलेलं ते कपाळच असणार! लावलं, बटण दाबलं, लेन्स आत, झाकण बंद. कुंकू आत आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि बर्फ दिसेपर्यंत तिने कॅमेरा बटव्याबाहेर काढू दिला नाही.

हिमाचलात बर्फासाठी आमच्या वाट्याला एकच सकाळ होती. बर्फ दिसला मात्र, जिजाक्का लुगडं खोचून अशी सुटली की गाइड मागे पडला. मूठभर उचलून तोंडात टाकला आणि ओरडली, "मासलीचा वास न्हाय रं याला!" मी धडाधड फोटो काढत सुटलो. स्क्रीनवर सगळं गुलाबी, आणि जिजाक्काच्या जागी लाल ढग. "हिमालयात उजेडच असा असतो," मी सांगून टाकलं.

निघायचा हॉर्न वाजला, तसा तिने कॅमेरा हिसकावून समोरून बघितला. "अरं मेल्या! कपाल सोडून डोल्यात भरलास?"

बसवाला ओरडतोय, हॉर्न थांबत नाही, आणि ही शांतपणे लेन्सवर हाः करून पदराने पुसतेय! पुसून झाल्यावर कॅमेरा परत दिलाच नाही. "मी काढतंय. तू उभा ऱ्हा."

"अगं, पण फोटो तुझा हवा ना?"

"नुसता पांढरा दाखवला तर ती बोलंल, कापडाच्या लूमवरचा कापूस हाय. बूट काढ. मोजं बी."

मी अनवाणी बर्फात उभा राहिलो. तोंडातून जो आवाज निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्याच क्षणी तिने बटण दाबलं. बर्फातला तेवढा एकच फोटो स्वच्छ आला.

आज जिजाक्का नाही. कॅमेरा हौसामावशीच्या उशाशी असतो. पण कशेळीची ती दुपार मला अजून लख्ख दिसते. हौसामावशीने कॅमेरा डोळ्यांशी धरला. जिजाक्का पदराचं टोक पिळत उभी, परीक्षेचा निकाल असल्यासारखी. म्हातारी फोटोतल्या माझ्या पायांकडे बघत राहिली, मग माझ्या वेड्यावाकड्या तोंडाकडे.

"खराच गं बर्फ," ती हळूच म्हणाली. "कापसावर असं थोबाड कोनाचं व्हनार न्हाय."

जिजाक्काने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खाटेवर आदळलो. हौसामावशीने मला जवळून न्याहाळलं आणि बहिणीला विचारलं, "पन याला गं कशाला नेलास?"

"कुंकू लावाया," जिजाक्का म्हणाली.