लाथ न मारणारा इरफान

इरफान गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या टीव्हीवर आमच्या फायटिंग गेमचा नवा भाग डाउनलोड होत होता. दोघंही त्याची वाट बघत होतो. त्याची बायको, आमच्या भाभी, म्हणाल्या, झोपेतच गेला. मी टीव्ही बंद केला.

आमची ओळखच मुळी मारामारीची. शाळेत असताना बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हा खेळ एकाच मशीनवर होता, आणि त्याच्या डाव्या बाजूचं लाथेचं बटण मेलेलं. मी आधी पोचून उजवी बाजू धरायचो, त्यामुळे इरफानच्या वाट्याला डावी. पठ्ठ्यानं तक्रार केली नाही. नुसत्या ठोशांवर खेळायला शिकला आणि मला धुऊन काढायला लागला. हरलो की मी म्हणायचो, पुढच्या भागात बघतो तुला.

आणि पुढचे भाग येतच राहिले. एकात नवे गडी आले, एकात मार परतवायची युक्ती आली, कधी फटक्याला फटका जोडायची सोय. दुकान बंद पडलं, खेळ घरच्या टीव्हीवर आला, मग इंटरनेटवरून परक्या मुलुखातली पोरं आम्हाला बडवायला लागली. एका भागात तर आमचे जुने गडीच काढून टाकले होते. तेव्हा इरफान घरच्या लग्नाचं आमंत्रण चुकल्यासारखा फुगून बसला होता. त्यानंतरच्या भागात ते गडी परत आले, केस पिकलेले. नवा भाग लावला की इरफान लगेच लढायचा नाही. आपला गडी उभा कसा राहतो ते आधी बघायचा. डावा खांदा पुढे, मुठी हनुवटीखाली. तसाच दिसला की खूश व्हायचा. म्हणायचा, "बाकी सगळं बदलू दे बे, उभं राहणं बदललं नाय पायजे."

तोही बदललाच की. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली, लग्न झालं, चष्मा आला, शुगर आली. बसणं मात्र तेच, मांडी घालून, कंट्रोलर पोटाशी धरून. आणि लाथ नाही म्हणजे नाही, बटण धडधाकट असलं तरी! कितीही चिडवा, म्हणायचा, लाथेशिवाय तुला हरवण्यात लई मजा आहे. खरं सांगतो, या माणसाला एकदा तरी हरवायचं, एवढीच माझी इच्छा होती. बायको मला हसायची.

शेवटचा आला तो एका रविवारी, शेंगाचटणी घेऊन. त्या दिवशी मी जिंकत आलो होतो. दोघांचाही जीव एकेका फटक्याचा उरलेला. त्याचे ठोसे मला आता पाठ होते. तो ठोसाच मारणार म्हणून मी वरचा मार अडवून उभा राहिलो... आणि खालून गुडघ्यावर लाथ बसली.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "एवढी वर्षं जपून ठेवली होती बे, तुझ्यासाठी."

आम्ही इतके हसलो, की बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो तेव्हाही मी तेच म्हणालो, पुढच्या भागात बघतो तुला.

चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर भाभींनी त्याचा कंट्रोलर माझ्या हातात दिला. सगळ्या बटणांवरची चिन्हं झिजून गेलीत, लाथेचं तेवढं कोरं करकरीत. परवा हिंमत करून नवा भाग लावला. दोन्ही कंट्रोलर जोडले, माझ्या गड्यासमोर त्याचा गडी निवडला. डावा खांदा पुढे, मुठी हनुवटीखाली. तसाच उभा राहिला, अगदी तसाच. समोरून कुणी मारत नव्हतं, मी सहज जिंकलो असतो. मी माझा कंट्रोलर खाली ठेवला, त्याचा पोटाशी धरला आणि लाथेचं ते बटण दाबत राहिलो, माझा गडी आडवा होईपर्यंत.

मग एकटाच मोठ्यानं हसलो. म्हणालो, पुढच्या भागात बघतो तुला.